गावकीने वाळीत टाकलं तर काय करायचं? पहिल्या दिवसापासून कोर्टापर्यंत

शिमग्याला पालखी घरोघर येते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. त्या वर्षी आईने पहाटेच अंगण सारवलं, रांगोळी काढली, नारळ-तांदूळ-ओटीचं ताट ओट्यावर मांडून ठेवलं. ढोल वाजत वाजत शेजारच्या घरी आला, तिथे पालखी नाचली, आणि मग आमच्या गडग्यापाशी येऊन ढोल थांबला, पालखी वळली आणि खालच्या वाडीकडे निघून गेली. कोणी शिवी दिली नाही, कोणी धमकी दिली नाही, कोणी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आई ताट हातात घेऊन तशीच उभी होती.

कारण काय तर ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध करायची असं गावकीने बैठकीत ठरवलं होतं आणि माझ्या चुलत भावाने फॉर्म भरला. बस एवढंच. लोकशाहीत फॉर्म भरायचा हक्क त्याला घटनेने दिलाय, पण गावकीने २५ हजार दंड लावला, आम्ही भरला नाही, मग दोन घरं वाळीत. त्यानंतर जे जे शिकलो ते इथे सविस्तर लिहितोय, कारण तेव्हा आम्हाला हे सांगणारं कोणी नव्हतं आणि पहिले दोन महिने आम्ही नुसते रडण्यात आणि भांडण्यात घालवले.

आधी हे समजून घ्या की हा गुन्हा आहे

खूप लोकांना अजून वाटतं की ही समाजाची अंतर्गत बाब आहे, पोलीस काय करणार. तर नाही. महाराष्ट्रात यासाठी वेगळा कायदा आहे, पूर्ण नाव लांबलचक आहे, महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१६. दोन्ही सभागृहांनी एप्रिल २०१६ मध्ये एकमताने मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली आणि ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. तो सुखासुखी झालेला नाही. २०१३ मध्ये नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीला बापानेच मारलं आणि त्यामागे जात पंचायतीचा दबाव असल्याचं समोर आलं, तेव्हापासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीने (अंनिस) 'जात पंचायतीला मूठमाती' अभियान चालवलं, रायगड-रत्नागिरीतली वाळीत प्रकरणं हायकोर्टापर्यंत गेली, तेव्हा कुठे सरकार हललं.

शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे म्हणजे पोलिसांनी एफआयआर घ्यायलाच पाहिजे, पण जामीनपात्र पण आहे, म्हणजे आरोपींना लगेच जामीन मिळतो. हे आधीच मनाशी धरून चला, नाहीतर एफआयआरच्या दुसऱ्या दिवशी पंच मंडळी एसटी स्टँडवर चहा पिताना दिसली की धीर सुटतो.

आणि फक्त निर्णय देणारा पुढारीच नाही, बैठक बोलावणारा, त्यात भाग घेणारा, बहिष्काराच्या बाजूने मत देणारा, दबाव टाकणारा, सगळे यात येतात. जात पंचायतीचं नाव काहीही असो, गावकी म्हणा, पंच कमिटी म्हणा, समाज मंडळ म्हणा, नोंदणी असो वा नसो, काही फरक पडत नाही.

वाळीत टाकलंय हे ओळखायचं कसं

हसू नका, हा खरंच अवघड भाग आहे. कारण कोणी लेखी देत नाही. कायद्यात यादी आहे, तिचा साधा अर्थ असा की लग्न, मयत, सण, धार्मिक विधी यात येऊ न देणं किंवा तुमच्याकडे कोणाला येऊ न देणं, देवळात, समाजमंदिरात, स्मशानात, शाळेत, दवाखान्यात जाण्यापासून अडवणं, तुमच्याशी धंदा-व्यवहार तोडायला लोकांना चिथावणं, जातीतून काढून टाकणं, विशिष्ट कपडे किंवा भाषा वापरायची सक्ती, आणि राजकीय कल किंवा नैतिकतेच्या नावाखाली भेदभाव. आमचं प्रकरण त्या राजकीय कलाच्या मुद्द्यात बसलं.

आता एक फरक नीट लक्षात घ्या. एखादा शेजारी तुमच्याशी भांडण झाल्यामुळे बोलत नाही तर तो त्याचा प्रश्न, तो गुन्हा नाही. पण 'जो यांच्याशी बोलेल त्याला दंड' असं ठरलं असेल तर तो बहिष्कार. म्हणजे शोधायचं काय, तर न बोलण्यामागचा हुकूम. आमच्याकडे दुकानदार चांगला माणूस, आईने साखर मागितली तर त्याने डब्यात माप घातलं, बाहेर बघितलं, आणि माप परत डब्यात रिकामं केलं. म्हणाला, 'काकी, मला पाच हजार परवडणार नाहीत.' हे एक वाक्य आमच्या अख्ख्या केसचा पाया ठरलं.

पहिल्याच दिवशी वही करा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, पोलीस नंतर. बहिष्काराची सगळी ताकद तो तोंडी असण्यात आहे. बैठकीचं इतिवृत्त नसतं, दंडाची पावती नसते, सगळे म्हणतात आम्ही कुठे काय केलं. म्हणून तुम्ही लिहायचं. साधी दोनशे पानी वही घ्या, पानांवर नंबर टाका, आणि रोज तारीख, वेळ, ठिकाण, कोण, काय बोललं (त्याच्याच शब्दात), तिथे अजून कोण होतं, एवढं लिहा. भावना लिहू नका, 'फार वाईट वाटलं' कोर्टात उपयोगी नाही, 'सकाळी ९ वाजता, दुकान, साखर दिली नाही, पाच हजार दंडाचं बोलला, बाजूला दोन बायका होत्या' हे उपयोगी आहे. आमची वही आईने लिहिली, ती सातवी शिकलेली, आणि तिच्या नोंदी आम्हा सगळ्यांपेक्षा चांगल्या निघाल्या.

जोडीला हे पण जमवा:

- व्हॉट्सॲप. आजकाल अर्धे निर्णय मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर होतात, बैठक परळ-लालबागच्या एखाद्या हॉलमध्ये आणि अंमल गावात. मेसेजचे स्क्रीनशॉट काढा पण मूळ मेसेज डिलीट करू नका, ग्रुपमधून रागाने बाहेर पडू नका, आणि तो फोन विकू नका.
- तुम्ही स्वतः ज्यात बोलताय त्या फोनचं रेकॉर्डिंग. त्यात काटछाट अजिबात करायची नाही. कोर्टात द्यायची वेळ आली की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून घेतो, तुम्ही फक्त मूळ फाइल जपा.
- परत आलेली वर्गणी, परत आलेल्या लग्नपत्रिका, दंड भरला असेल तर ज्याच्या खात्यात गेला त्याची नोंद. जीपेने दंड घेणारे पण आहेत, तो तर पुरावाच झाला.
- साक्षीदार. गावातला कोणी पुढे येणार नाही हे धरून चला. बाहेरचा बघा. पोस्टमन, एसटी कंडक्टर, बाहेरगावचे शिक्षक, आशा ताई, लग्नाला आलेले बाहेरगावचे पाहुणे.

कुठला कायदा तुम्हाला लागतो

इथे बरीच गल्लत होते. २०१६ चा कायदा मुख्यतः एकाच समाजातल्या लोकांनी आपल्याच माणसावर टाकलेल्या बहिष्कारासाठी आहे, म्हणजे तुमची जात-पोटजात-पंथ आणि पंचांची एकच.

पण तुम्ही अनुसूचित जाती किंवा जमातीचे असाल आणि बहिष्कार टाकणारे त्याबाहेरचे असतील तर ॲट्रॉसिटी लागते, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांविरुद्धचा १९८९ चा कायदा, आणि २०१५ च्या दुरुस्तीने त्यात सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार हा स्पष्ट गुन्हा म्हणून आलाय. तो जास्त कडक आहे. अटकपूर्व जामिनाला मनाई आहे, तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाचा अधिकारी करतो, एफआयआरच्या आधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, आणि पीडिताला टप्प्याटप्प्याने आर्थिक मदत मिळते. जातीचा दाखला सोबत ठेवा. चोवीस तास हेल्पलाइन १४५६६.

महाडचं चवदार तळं आमच्याच रायगड जिल्ह्यातलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथे पाणी प्यायलं आणि त्यानंतर गावागावात दलितांवर बहिष्कार पडले, काम बंद, दुकान बंद. म्हणजे हे हत्यार जुनंच आहे आणि ज्याने डोकं वर काढलं त्याच्यावरच ते चालतं. म्हणून तर घटनेत कलम १५ मध्ये नुसतं 'सरकार भेदभाव करणार नाही' एवढ्यावर थांबले नाहीत, दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावं घालून लिहिलं की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुठल्याही नागरिकाला तिथे अडवता येणार नाही, आणि कलम १७ ने अस्पृश्यताच बंद केली. जे अंगावर आलं होतं ते घटनेत उतरलंय, वाचताना हे जाणवतं.

एक माहिती असू द्या, समोरचा वकील कधीकधी म्हणतो की समाजातून काढणं हा धार्मिक हक्क आहे. त्याला आधार आहे १९६२ चा, तेव्हा सुप्रीम कोर्टाने मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कारविरोधी कायदा दाऊदी बोहरा प्रकरणात रद्द केला होता. पण २०२३ मध्ये घटनापीठाने तो निकाल फेरविचारासाठी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवलाय. आणि आपला २०१६ चा कायदा वेगळा आहे, तो लागू आहे.

पोलीस स्टेशन

तोंडी जाऊ नका, अर्ज लिहून दोन प्रती घेऊन जा. मजकूर साधा ठेवा, साधारण असा:

'मी (नाव), राहणार (पत्ता), अर्ज करतो की दिनांक ... रोजी ... येथे झालेल्या बैठकीत (पंचांची नावं) यांनी माझ्या कुटुंबावर रुपये ... दंड लावला व तो न भरल्याने आमच्याशी बोलणे, व्यवहार करणे, कार्यक्रमास येणे बंद केले, तसेच आमच्याशी संबंध ठेवणाऱ्यास रुपये ... दंड जाहीर केला. त्यानंतर पुढील घटना घडल्या. (तारीखवार पाच-सहा घटना.) सदर कृत्य सामाजिक बहिष्कार अधिनियम २०१६ खाली दखलपात्र गुन्हा असल्याने एफआयआर नोंदवावा ही विनंती.'

कायद्याचं नाव अर्जात लिहाच. आमच्या वेळी ठाणे अंमलदाराला असा कायदा आहे हेच माहीत नव्हतं, त्याने सरळ एनसी लिहायला घेतली. एनसी म्हणजे अदखलपात्र, ती घेऊन घरी आलात की विषय संपला, तपास होत नाही. शांतपणे म्हणा, 'साहेब, हा दखलपात्र आहे, एफआयआर पाहिजे.' कायद्याची मराठी प्रत प्रिंट करून सोबत न्या, आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नेली आणि बोलण्याचा सूरच बदलला.

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय उठू नका. एफआयआर झाला की त्याची प्रत फुकट मिळते, हा तुमचा हक्क आहे. नवीन कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, १ जुलै २०२४ पासून) गुन्हा कुठे घडला ते न बघता कुठल्याही पोलीस स्टेशनला एफआयआर देता येतो, म्हणजे गावच्या पोलीस स्टेशनवर विश्वास नसेल तर मुंबईत राहणारा भाऊ तिथून देऊ शकतो. पोलीस 'आधी चौकशी करतो' म्हणाले तर ३ वर्षं किंवा जास्त पण ७ पेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपीच्या परवानगीने तशी चौकशी करता येते, पण मुदत फक्त १४ दिवस. तारीख वहीत लिहून ठेवा आणि पंधराव्या दिवशी दारात उभे राहा.

नाहीच घेतला तर तोच अर्ज एसपी (जिल्हा पोलीस अधीक्षक) ऑफिसला स्पीड पोस्टने पाठवा (त्याच संहितेचं कलम १७३(४)), पावती आणि ट्रॅकिंगचा प्रिंट जपा. तिथेही काही झालं नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज. २०१६ च्या कायद्यात तर पीडित किंवा त्याच्या घरचं कोणीही थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतं.

वकिलाच्या फीचं टेन्शन घेऊ नका. तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, मोफत वकील मिळतो, आणि बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मिळतो. म्हणून आमच्याकडे फिर्याद आईच्या नावाने दिली. फोन करायचा असेल तर १५१००.

सोबतच या दारांवर पण जा

पोलिसांवर सगळं सोडून बसू नका. नळ बंद केला असेल तर तो गावकीचा नळ नाही, ग्रामपंचायतीचा आहे, निवडून आलेली ग्रामपंचायत वेगळी आणि गावकी वेगळी, हे गावात लोक मुद्दाम एकत्र करून टाकतात. अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) आणि त्याची प्रत बीडीओला (गटविकास अधिकारी). रेशन अडवलं तर तहसीलदार. अंगणवाडी-शाळेत पोराला वेगळं बसवलं तर मुख्याध्यापकाला लेखी आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याला. पोलीस पाटीलच बैठकीत बसला असेल तर प्रांत ऑफिस, कारण नेमणूक तिथून होते.

कलेक्टरना वेगळा अर्ज द्या. बहिष्कारासाठी बैठक होणार अशी खबर असेल तर ती बैठक रोखायचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना या कायद्याने दिलाय. आणि सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकारी म्हणून आपल्या भागासाठी कोणाची नेमणूक आहे ते त्याच अर्जात विचारा, त्यांचं काम पोलीस आणि कोर्टाला मदत करणं हेच आहे. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एका वर्षाच्या आत.

मुलामुलीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून बहिष्कार आणि जिवाची भीती असेल तर मात्र अर्जबिर्ज नंतर, आधी ११२. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात सांगितलंय की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात पंचायतीला लुडबुड करायचा काहीही अधिकार नाही आणि अशा जोडप्यांना संरक्षण देणं पोलिसांचं काम आहे. वयाचे पुरावे आणि लग्नाची कागदपत्रं फोनमध्येच नाही तर विश्वासातल्या दुसऱ्या माणसाकडेही ठेवा.

काय करू नका

दंड भरू नका. 'भरून टाका, मिटेल' असं सांगणारे नातेवाईक खूप भेटतील, आमच्या सख्ख्या मामाने पण सांगितलं. भरला की पुढच्या वेळी रक्कम वाढते आणि तुम्ही चूक मान्य केली असं होतं. जोर करून भरायला लावलाच असेल तर तेही वहीत. कोऱ्या कागदावर, स्टॅम्प पेपरवर सही नाही. माफीनामा लिहून देऊ नका. आणि हात उचलू नका, एकदा तुमच्यावर मारामारीची क्रॉस केस पडली की मूळ विषय मागे पडतो, बरेचदा त्यासाठीच डिवचलं जातं. माझ्या भावाला आम्ही तीन आठवडे मुंबईला पाठवून दिलं ते यासाठीच.

फेसबुकवर नावं घेऊन लिहू नका, ते सगळं अर्जात लिहा.

घरातल्या माणसांकडे लक्ष

हे कुठल्या कायद्यात नाही पण सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो. वडील अंथरुणाला लागले, त्यांना एकच काळजी, मी गेलो तर खांदा कोण देणार. मी त्यांना म्हटलं चार जण मी तालुक्याहून आणीन, तर म्हणाले ते आपले नाहीत. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण त्यांच्या जुन्या ऑफिसातले तीन मित्र दर रविवारी येऊन बसायला लागले, पत्ते खेळायचे, आणि त्याने जेवढा फरक पडला तेवढा गोळ्यांनी नाही पडला. बाहेरच्या माणसांना बोलवा, लाजू नका, काय झालंय ते स्पष्ट सांगा.

समेटाची बोलणी आली तर

एफआयआर झाला की बोलणी येतातच, तंटामुक्तीवाले, पुढारी, कोणीतरी. समेट वाईट नाही, गावातच राहायचंय शेवटी. पण वकिलाला विचारल्याशिवाय होकार नाही आणि अटी लेखी. आम्ही तीन ठेवल्या. दंड रद्द झाल्याचं जिथे जाहीर केला त्याच बैठकीत आणि त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगायचं, इतर लोकांवरचा 'बोलेल त्याला दंड' पण रद्द, आणि पालखी दारात. तोंडी समेटावर केस मागे घ्यायची घाई करू नका, आरोपपत्रानंतर खटला सहा महिन्यात संपवायचा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात तारखा पडतात, पण प्रत्येक तारखेला जा.

आमच्यात पहिल्या दोन अटी झाल्या, पालखीचं अजून बोलणं चालू आहे. ग्रुपवर मेसेज पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी आई पिशवी घेऊन दुकानात गेली, घरी येऊन वही उघडली, तारीख-वेळ टाकली आणि पुढे लिहिलं, 'साखर १ किलो, दिली. सुट्टे पण दिले.' नोंदी चालूच आहेत, तुम्हीही कोर्टाचा निकाल हातात येईपर्यंत वही बंद करू नका.